वरातीतून हाकललेल्या मुलानं लावलेलं लग्न

लग्नसराई सुरू झाली की तुमच्या मोबाइलवर पत्रिका धडाधड येऊन पडतात. दादाच्या मित्राचं लग्न, चुलत बहिणीचं लग्न, कॉलेजातल्या सीनिअरचं लग्न. तुम्ही मंडपात जाता, हातात अक्षता घेता, त्यातल्या अर्ध्या बोटांतून आधीच सांडतात. एक डोळा कॅमेऱ्याकडे, एक जेवणाच्या रांगेकडे. समोर मंत्र चालू असतात आणि नवरानवरी सांगितलं तसं करत असतात. हात लावा म्हटलं की लावतात, पाणी सोडा म्हटलं की सोडतात.

आता जरा आठवून बघा. आपण आत्ता कशाला हो म्हणालो, हे त्या दोघांपैकी एकाला तरी सांगता आलं असतं का?

परदेशात ‘सेलिब्रंट’ नावाचा एक पेशा आहे. हा माणूस कुठल्याच धर्माचा पुरोहित नसतो. तो लग्न लावतो, बाळाचं नाव ठेवण्याचा सोहळा करतो, कुणी गेलं तर अंत्यविधीला चार शब्द बोलतो. सगळं त्या माणसांच्या भाषेत, त्यांना कळेल असं. स्कॉटलंडमध्ये तर २००५ पासून अशा मानवतावादी पद्धतीनं लागलेली लग्नं कायद्यानंही ग्राह्य आहेत. रील्समध्ये हे सगळं पाहून तुम्हाला वाटेल, काय भारी आयडिया आहे!

पण पुण्यात एका माणसानं हे दीडशे वर्षांपूर्वी केलं. भटजीशिवाय, कळेल अशा भाषेत, नवरा-नवरीनं एकमेकांना शब्द देऊन. आणि त्यासाठी भरपूर सोसलं. तो माणूस तुम्हाला माहीत आहे. चौथीच्या पुस्तकापासून त्यांचा पागोटं घातलेला फोटो तुम्ही बघताय. जोतीराव फुले. मुलींची शाळा काढली, हे उत्तर तुम्ही परीक्षेत लिहिलंय. आज त्यांची दुसरी गोष्ट ऐका.

एका लग्नानं सुरुवात

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७चा. वडील गोविंदराव, फुलांचा धंदा. तेराव्या वर्षी जोतीरावांचं लग्न झालं. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची सावित्री तेव्हा नऊ वर्षांची होती. म्हणजे दोघांनाही कुणी काही विचारलं नव्हतं. त्या काळात कुणालाच विचारत नसत.

पुढे जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तिथं सगळ्या जातींचे दोस्त मिळाले. १८४७च्या सुमारास थॉमस पेन या लेखकाचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी वाचलं. डोक्यात किडा पडायला एवढं पुरेसं होतं.

आणि मग आलं १८४८. वय वर्षं एकवीस, म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांचं वय. एका ब्राह्मण मित्राचं लग्न होतं. त्यानं आग्रहानं बोलावलं म्हणून जोतीराव वरातीत चालत होते. कुणीतरी त्यांना ओळखलं. माळ्याचा पोर आमच्याबरोबरीनं वरातीत चालतो म्हणजे काय, असं म्हणून चारचौघांत अपमान केला. जोतीराव तसेच माघारी फिरले. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर वडील उलट म्हणाले की एवढ्यावर सुटलास हेच नशीब.

आपल्यापैकी कुणी असतं तर महिनाभर फणफणलं असतं आणि मग विसरलं असतं. जोतीराव विसरले नाहीत. त्याच वर्षी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकल्या आणि शिकवू लागल्या. त्यावरून वर्षभरात बापानं दोघांना घराबाहेर काढलं. १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं. हा भाग तुम्हाला पाठ आहे, म्हणून पुढे जाऊ.

हिशेब मांडणारा कंत्राटदार

एक गोष्ट मात्र पुस्तकात फारशी येत नाही. जोतीराव धंदा करणारे गृहस्थ होते. बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, चुना-दगड पुरवायचे. त्यांना हिशेब कळायचा. आणि शेतकऱ्याच्या घरचा हिशेब मांडताना त्यांना एक खर्च सगळीकडे दिसला: विधींचा.

१८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण यावर आहे. मूल पोटात असल्यापासून वसुली सुरू होते. मग जन्म, बारसं, लग्न, घरभरणी, सण, ग्रहण, यात्रा. आणि माणूस मेल्यावरही सुटका नाही, श्राद्ध आहेच. म्हणजे जन्मायच्या आधीपासून मेल्यानंतरपर्यंत प्रत्येक वळणावर एक हात पसरलेला. घरात पैसा नसला तर सावकार आहेच. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तो हाच काळ.

बरं, एवढं देऊन मिळत काय होतं? न कळणाऱ्या भाषेतले शब्द. आणि शूद्राच्या घरी आलेला पुरोहित त्याच्या हातचं पाणी पिणार नाही, हा वर अपमान.

जोतीरावांचा राग फक्त दक्षिणेवर नव्हता, हे नीट लक्षात घ्या. जन्म, लग्न आणि मरण, आयुष्यातले हे तीन सगळ्यात मोठे प्रसंग. या तीनही वेळी माणसाच्या आणि त्याच्या माणसांच्या मध्ये एक मध्यस्थ उभा राहतो आणि माझ्याशिवाय हे शुद्ध होत नाही असं सांगतो. एकदा ते मान्य केलं की बाकीची गुलामी आपोआप मान्य होते. म्हणून शाळा काढून भागणार नव्हतं. मंडपात घुसावं लागणार होतं.

२५ डिसेंबर १८७३

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा त्याचा गाभा. नुसतं ठरवणं सोपं असतं. पण समाजातल्या कुणाच्या घरी लग्न निघालं तर काय करायचं? भटजी नको म्हटलं तर मग लग्न लावायचं कुणी?

तीन महिन्यांतच या प्रश्नाला सामोरं जावं लागलं. सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर, त्यांची मुलगी राधा. मुलगा सीताराम जबाजी आल्हाट. २५ डिसेंबर १८७३ रोजी हे लग्न भटजीशिवाय लागलं. खर्चाचा भार सावित्रीबाईंनी उचलला. बडेजाव नाही, हुंडा नाही, मंत्र नाहीत.

आज हे वाचायला छान वाटतं. पण त्या मुलीच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. भटजीशिवाय लागलेलं लग्न हे लग्नच नाही, असं उद्या अख्खी पेठ म्हणणार. मुलीला नांदवणार कोण, तिच्या मुलांना मुलगी देणार कोण, घरात मयत झाली तर खांदा द्यायला येणार कोण? जातीबाहेर टाकणं म्हणजे इन्स्टावर अनफॉलो करणं नव्हे. विहीर, न्हावी, सोयरीक, सगळं बंद व्हायचं. त्या आईनं हे माहीत असून मुलगी उभी केली.

पुढच्या वर्षी, ७ मे १८७४ला, दुसरं लग्न लागलं. नवरा मुलगा ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे. तोवर बातमी पसरली होती आणि विरोधही चांगलाच वाढला होता. तरी लग्न लागलंच. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मंगलाष्टकात मुलगी बोलते

आता खरी मजा ऐका. जोतीरावांनी जुना विधी नुसता कापून टाकला नाही. विधी काढून घेतला तर माणसाला पोकळ वाटतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आई-बापाला वाटतं, लेकीचं लग्न झालं की नाही झालं? त्यासाठी काहीतरी म्हणावं लागतं, चार माणसांसमोर उभं राहावं लागतं. म्हणून त्यांनी नवी मंगलाष्टकं स्वतः लिहिली. मराठीत.

मंगलाष्टकं म्हटलं की आपल्याला काय आठवतं? देवांची, नद्यांची नावं आणि शेवटी सावधान. नवरानवरी गप्प उभी. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत नवरानवरी एकमेकांशी बोलतात. मुलगी सगळ्यांसमोर सांगते की आम्हा बायकांना स्वातंत्र्य काय असतं ते कधी कळलंच नाही. आणि मग ती नवऱ्याकडून वचन मागते: बायकांना त्यांचा हक्क देईन अशी शपथ घे, तीही उघड. मुलगा तिथंच शब्द देतो की बायकांच्या हक्कांसाठी मी झटेन. त्यानंतर जमलेली माणसं आशीर्वाद देतात.

काळ लक्षात घ्या. ज्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नव्हती, त्या घरात ती अंतरपाटाच्या वेळी हक्क मागते! आणि ज्यानं शब्द दिला तो पळून जाऊ शकत नाही, कारण गावानं ऐकलेलं असतं. साक्षीदार हवेत ते यासाठी.

१८८७ साली या सगळ्या विधींची छोटी पुस्तिका छापून आली. मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधी असं तिचं स्वरूप. ती हातात घेऊन खेड्यातला कुणीही वाचता येणारा माणूस लग्न लावू शकत होता. म्हणजे जोतीरावांनी मक्तेदारीच मोडली. एका भटजीच्या जागी दुसरा भटजी आणून बसवला नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकू. जोतीराव नास्तिक नव्हते. जग निर्माण करणाऱ्याला ते ‘निर्मिक’ म्हणायचे आणि त्याच्यापुढे सगळी माणसं सारखी मानायचे. त्यांच्या विधीतून देव गेला नाही, दलाल गेला. आजचे मानवतावादी सेलिब्रंट देवाचं नावही घेत नाहीत. हा फरक आहेच. पण न कळणारं म्हणायचं नाही, माणसाला माणसापेक्षा कमी लेखायचं नाही, हा धागा दोन्हीकडे एकच.

ओतूरचा खटला

पुण्यात दोन-चार लग्नं लागली तोवर ठीक होतं. पण लोण खेड्यापाड्यात गेलं आणि भांडण कोर्टात पोचलं. जुन्नरजवळच्या ओतूर गावात बाळाजी कुसाजी पाटील यांच्याकडे १८८४ साली भटजीशिवाय लग्न लागलं. गावजोशांनी दावा ठोकला. लग्न लावणं हा आमचा वतनी हक्क आहे, आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा द्या!

हसू येतं ना? पण हा विनोद नव्हता. गावजोशीपण हे खरंच वतन मानलं जायचं आणि त्यातून येणारं उत्पन्न ही मालमत्ता. तुम्ही सेवा घेतली नाही तरी बिल येणार. जोतीराव पाटलांच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रकरण थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. आपल्या घरचं लग्न आपण लावायचं की नाही, एवढ्या साध्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

न बोलावताही पैसे मागण्याचा हा दावा कायद्यानं पुरता निकालात निघाला तो १९२६ साली. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी त्यासाठी विधेयक आणलं होतं. तोवर जोतीरावांना जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. दरम्यान, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळावर १९१३ साली सत्यशोधक शाळा निघाली. तिथं ब्राह्मणेतर मुलांना विधी करायचं शिक्षण मिळायचं. सेलिब्रंट घडवणारा कोर्सच म्हणा ना.

घरचं कार्य

दुसऱ्याच्या घरात क्रांती करणं सोपं असतं. कसोटी लागते घरच्या कार्यात.

जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल नव्हतं. त्यांच्या गृहात आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत, त्याला त्यांनी दत्तक घेतलं होतं. मुलगा वाढला, शिकला. पण विधवेच्या पोटी जन्मलेल्याला मुलगी देणार कोण? मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव आठवतंय? ज्ञानोबा ससाणे. १८७४ साली ज्याचं लग्न विरोध पत्करून लागलं, त्यानंच आपली लेक दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं लागलं. लग्नाआधी सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला घरी आणून ठेवलं होतं, दोघांची ओळख व्हावी आणि तिचं शिक्षणही चालू राहावं म्हणून, असं सांगतात.

तोवर जोतीरावांची तब्येत ढासळली होती. मे १८८८मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटलं आणि दोनच महिन्यांत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. काय करावं माणसानं? ते डाव्या हातानं लिहायला शिकले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी तसंच लिहून काढलं. जन्म, लग्न, मृत्यू, या प्रसंगी माणसानं कसं वागावं ते त्यात आहे. ते छापून आलं १८९१ साली. तेव्हा जोतीराव नव्हते.

टिटवं कुणी धरायचं?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आयुष्यभर इतरांच्या विधींचा प्रश्न सोडवणाऱ्या माणसाच्या अंत्यविधीवरूनच वाद पेटला.

आपल्याला मिठात घालून पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. घरामागे त्यासाठी खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, म्हणून दहन करायचं ठरलं. मग भाऊबंद पुढे सरसावले. तिरडीपुढे टिटवं धरायचा मान मुलाचा असतो आणि यशवंत दत्तक, त्याला तो हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. जो टिटवं धरेल तो वारस, हेही त्यामागे होतंच.

घरात प्रेत आणि दारात भांडण, असा तो प्रसंग. तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. चितेला अग्नी त्यांनीच दिला. बायका स्मशानात जात नाहीत, असं आजही तुमच्या आमच्या घरांत म्हणतात. ही गोष्ट १८९०ची आहे.

एक प्रकारे हाच सावित्रीबाईंनी केलेला सगळ्यात अवघड विधी. त्यासाठी पोथी लागली नाही. आपल्या माणसाला निरोप द्यायचा हक्क आपला आहे, एवढं पक्कं ठाऊक असणं पुरलं. जोतीरावांच्या अस्थी घरामागच्या त्याच जागी ठेवल्या गेल्या. आज पुण्याच्या गंज पेठेत तिथं समताभूमी आहे. पुढची सहा वर्षं सत्यशोधकांचं काम सावित्रीबाईंनी नेटानं चालवलं. १८९७च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करता करता त्याही गेल्या.

मग तुमचं काय?

तुमच्या वयात हा प्रश्न लांबचा वाटतो. पण पाच-सात वर्षांत तो दारात येऊन उभा राहील. घरी हॉल बघतील, केटरर बघतील, मेहंदीची थीम ठरवतील, प्री-वेडिंगचं शूट होईल. बापानं पीएफ काढलाय की शेत गहाण टाकलंय, हे तुम्हाला कळणारही नाही. जोतीरावांच्या काळी दक्षिणेपायी कर्ज व्हायचं, आता डेकोरेशनपायी होतं. सावकाराचं नाव बदललं, एवढंच.

सत्यशोधक लग्नं महाराष्ट्रात आजही लागतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे आणि इतर संघटनांचे कार्यकर्ते ती लावून देतात. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या असतात, नवरा-नवरी शपथ वाचतात. तासाभरात सोहळा आटपतो. बरेच जण त्यासोबत १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही करतात. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

तुमचंही लग्न असंच व्हायला हवं, असा आग्रह नाही. आजीला मंत्र ऐकून बरं वाटत असेल, आईची हौस असेल. त्यांच्याशी भांडण काढून मंडपात क्रांती करा, असं कुणी सांगत नाही. पण जोतीरावांनी विचारलेले दोन प्रश्न तुम्ही घरी विचारू शकता. आपण जे म्हणतोय ते आपल्याला कळतंय का? आणि यात कुणाला कमी लेखलं जातंय का? कन्यादानाच्या वेळी, हुंड्याला गिफ्ट म्हणताना, विधवा काकूला हळदीला मागे उभं करताना, हे दोन प्रश्न विचारून बघा. घरात थोडी शांतता पसरेल. पसरू द्या.

आणि पुढच्या लग्नाला गेलात की अक्षता टाकण्याआधी एकदा नवरीकडे बघा. तिला त्या मंडपात काही बोलायचं असेल, तर तिला बोलायची जागा आहे का?